गाडी कोणत्या महिन्यात बनली, ते आधी विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: “नाशिकला राहतो, नोकरी सिन्नरच्या एमआयडीसीत. रोजचं जाणं-येणं ६० किलोमीटर, शिवाय महिन्या-दोन महिन्यांनी पुणे. घरात आई-वडील, पत्नी आणि दोन मुलं. आत्ताची पेट्रोल हॅचबॅक अकरा वर्षांची झाली, लिटरला जेमतेम १३ देते. मारुतीच्या ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर, दोन्हींवर चालणारी) घ्यायचं पक्कं केलंय, पण गाडी तीन ठिकाणी अडलीय. ओळखीतल्या एकांकडे नोव्हेंबर २०२२ ची झेटा प्लस आहे, ५२ हजार किलोमीटर झालेली, ते १३.२५ लाख मागतात. शोरूममध्ये एप्रिल २०२५ मध्ये बनलेली नवी डेल्टा प्लस उभी आहे, एक लाखाची सूट देतायत. आणि मेहुणे म्हणतात, आत्ताच २०२६ चा जानेवारी उजाडलाय, दरवर्षी नवीन मॉडेल येतं, वर्षभर कळ काढ. काय करू?”

नमस्कार.

मेहुण्यांचं ऐकू नका. उरलेल्या दोन गाड्यांपैकी कोणती घ्यायची हे तुमचं घासाघीस करण्याचं कसब आणि वर्कशॉपमधली एक सकाळ ठरवेल. ते कसं ते सांगतो, पण आधी ‘मॉडेल’ या शब्दाचा घोळ निस्तरू, कारण तिन्ही सल्ल्यांची गाठ तिथेच आहे.

अमेरिकेत गाडीला ‘मॉडेल इयर’ असतं. यंदाच्या शरद ऋतूत विकलेली गाडी पुढच्या वर्षीचं मॉडेल म्हणून कागदावर येते. आपल्याकडे असं काही नाही. आरसी बुकावर छापला जातो तो बनावटीचा महिना आणि वर्ष, आणि कंपनी बदल करते ते तिला सोयीचं असेल तेव्हा, कधी एप्रिलमध्ये तर कधी जुलैमध्ये. त्यामुळे सेल्समन ‘२०२५ चं मॉडेल’ म्हणतो तेव्हा त्यातून काहीच कळत नाही. जानेवारी २०२५ ची ग्रँड विटारा आणि मे २०२५ ची ग्रँड विटारा, दोन्ही ‘पंचवीसच्याच’. पण खालच्या ट्रिममध्ये पहिलीला दोन एअरबॅग आणि दुसरीला सहा. (ट्रिम म्हणजे त्याच गाडीची कमी-जास्त सोयींची आवृत्ती; डेल्टा प्लस, झेटा प्लस ही ट्रिमचीच नावं.) फरक चार महिन्यांचा.

आता या गाडीत २०२२ पासून काय बदललं नाही ते पाहा, कारण तुम्ही पैसे मोजणार आहात ते मुख्यतः त्याचेच. १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ९२ पीएसच्या आसपासचं. त्याला ८० पीएसची मोटर. दोन्ही मिळून ११६ पीएस. ई-सीव्हीटी हा तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे सूर्यमालेसारखी फिरणारी दात्यांची चाकं, त्यात पट्टा नाही, क्लच प्लेट नाही. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, त्यांचं काम मोटर-जनरेटरच करतात. डिकीच्या तळाखाली ०.७६ किलोवॅट-अवरची लिथियम-आयन बॅटरी, १७७.६ व्होल्टची. हे सगळं टोयोटाचं तंत्र आहे, अर्बन क्रूझर हायरायडरमध्येही हेच, आणि दोन्ही गाड्या बेंगळुरूजवळच्या बिदडीच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. कंपनीचा मायलेजचा दावा सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा लिटरला २७.९७ किलोमीटर होता. रस्त्यावर तुम्हाला २० ते २३ मिळेल, आणि ते २०२२ च्या गाडीतही मिळेल आणि नव्या गाडीतही. गावात जास्त, मोकळ्या हायवेवर शंभरच्या वर ठेवलीत तर कमी. ज्यांना साध्या पेट्रोल गाडीची सवय आहे त्यांना हे उलटं वाटतं, पण हायब्रिड कमावते ती ब्रेकवर, कारण वेग कमी करताना मोटर बॅटरी भरते.

डिकीही तीच राहिली, म्हणजे लहान. बॅटरीने जागा खाल्लीय. सहा माणसांचं घर आणि दिवाळीचं गावाकडचं सामान असेल तर शोरूममध्ये रिकामी डिकी पाहून मान डोलावू नका. घरातली मोठी बॅग घेऊन जा आणि ठेवून बघा. बाकी ही पाच जणांची गाडी आहे, सहावा कुणीतरी मागे राहणार, हे घरी आधीच बोलून घ्या.

मग बदललं काय? मोजक्याच गोष्टी, पण त्यातल्या एक-दोन तुमच्या कामाच्या आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये सीएनजी आली. तिचा हायब्रिडशी संबंध नाही. एप्रिल २०२३ पासून बीएस-६ या प्रदूषण नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला. त्यात धूर प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजतात आणि गाडीतली निदान यंत्रणा अधिक कडक असते. जुलै २०२३ मध्ये हायब्रिडला पादचाऱ्यांना सावध करणारा आवाज मिळाला. याकडे दुर्लक्ष करू नका. ही गाडी बटण दाबून सुरू केली की पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही, फक्त काचेमागे हिरवा ‘रेडी’ उजळतो. डीमध्ये टाकली की ती मोटरवर गुपचूप सरकते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाठमोरं खेळणारं पोर किंवा फोनवर बोलत चाललेला माणूस ढिम्म हलत नाही, कारण त्याला गाडी आलेलीच कळत नाही. जुलै २०२३ च्या आधीच्या गाडीत तो बारीक घूं आवाज नाही. तुम्ही बघताय ती नोव्हेंबर २०२२ ची आहे. घेतलीत तर रिव्हर्स घेताना काच खाली करून हळू यायची सवय पत्नीनेही आणि तुम्हीही लावून घ्यायची. बाहेरून असला भोंगा बसवायला कुणा इलेक्ट्रिशियनला वायरी कापू देऊ नका.

जुलै २०२४ पासून मारुतीची मूळ वॉरंटी २ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर झाली. ८ एप्रिल २०२५ ला सगळ्यात मोठं अद्ययावतीकरण आलं. सहा एअरबॅग सर्व ट्रिममध्ये, वरच्या ट्रिममध्ये ड्रायव्हरची आठ दिशांनी हलणारी इलेक्ट्रिक सीट, मागच्या दारांना पडदे, पीएम २.५ दाखवणारा हवा शुद्धक, १७ इंची नवीन अलॉय, ऑटोमॅटिकला इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक, ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी तयार इंजिन. सनरूफ ‘ओ’ लावलेल्या ट्रिममध्ये पर्यायी केलं. आणि १६.९९ लाखांना डेल्टा प्लस हायब्रिड आणली, म्हणजे हायब्रिडची पायरी खाली आली. आधी झेटा प्लसपासूनच सुरुवात होती आणि तीही २०२२ मध्ये १७.९९ लाखांना.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर २८ टक्के जीएसटी अधिक १५ टक्के उपकर असे ४३ होते, ते सरळ ४० झाले. १६.९९ लाखांच्या गाडीवर हा फरक हिशेबाने साधारण साडेपस्तीस हजारांचा पडतो. लहान गाड्यांवर जसा डंका वाजला तसा इथे वाजायला नको होता, पण वाजला.

एवढंच. इंजिन, मोटर, बॅटरी यांपैकी कशालाही हात लागलेला नाही. तेव्हा जुनी गाडी ‘जुन्या तंत्राची’ आहे हा समज काढून टाका.

आता ती नोव्हेंबर २०२२ ची झेटा प्लस. नेमका हा महिना थोडा नाजूक आहे. या गाडीच्या सुरुवातीच्या काळात तीन रिकॉल निघाले, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या. २ ते २८ नोव्हेंबर २०२२ दरम्यानच्या काही गाड्यांत पुढच्या सीट बेल्टची खांद्याजवळची उंची बदलणाऱ्या भागात दोष असू शकत होता. ८ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर २०२२ मधल्या ११,१७७ ग्रँड विटारांमध्ये मागच्या सीट बेल्टचे ब्रॅकेट कालांतराने ढिले होण्याची शक्यता होती. आणि ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ मधल्या गाड्यांत एअरबॅग कंट्रोलर बदलायचा होता. तुमची गाडी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली निघाली तर पहिल्या दोन्हींत बसू शकते. आरसीवर तारीख नसते, फक्त ११/२०२२ असतं. म्हणून अंदाज करत बसू नका. आरसीवरचा १७ अक्षरी चासिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरच्या रिकॉलच्या पानावर टाका, आणि मालकाकडून वर्कशॉपचं जॉब कार्ड मागा ज्यावर ते काम केल्याची नोंद आहे. काम झालं नसेल तर घाबरण्याचं कारण नाही, ते आजही फुकट होतं. फक्त व्यवहाराआधी करून घ्या. मुलं मागच्या सीटवर बसणार आहेत.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, आणि मालकाला आदल्या रात्रीपासून सुरू न करण्याची विनंती करा. बॉनेटवर हात ठेवा, गार पाहिजे. सुरू केल्यावर ‘रेडी’ लागला पाहिजे. इंजिन काही क्षणांत स्वतःहून चालू झालं तर ते गरम होण्यासाठी, त्यात गैर नाही. पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर, एसी मंद ठेवून, सिग्नलला उभं राहिलात की इंजिन बंद व्हायला हवं. एनर्जीचा पडदा उघडून बॅटरीच्या खुणा पाहा. त्या वर-खाली होतातच, पण दोन मिनिटांत भरून वाहणं आणि दोन मिनिटांत तळ गाठणं हे सेल थकल्याचं लक्षण आहे. मोहदरी घाट तुमच्या रोजच्या रस्त्यावरच आहे, तिथेच चाचणी घ्या. चढताना तीन सिलिंडरचं इंजिन एका सुरात ओरडतं, तो ई-सीव्हीटीचा स्वभाव आहे. उतरताना गिअरचा दांडा बी वर घ्या. गाडी आपोआप रोखली गेल्यासारखी वाटली पाहिजे आणि बॅटरीत खुणा चढल्या पाहिजेत. पूर्ण भरल्यावर इंजिनचा आवाज वाढतो, कारण तेव्हा जास्तीची ऊर्जा बॅटरीत जाऊ शकत नाही आणि इंजिनच ब्रेकचं काम करतं. बऱ्याच जणांना हा बिघाड वाटतो.

मग डिकी रिकामी करून गालिचा उचला. ही पायरी कुणी सांगत नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. बॅटरी खाली असल्यामुळे पाण्यात उभी राहिलेली गाडी इथे उघडी पडते. कोपऱ्यात वाळलेला गाळ, बोल्टच्या डोक्यावर गंज, गालिच्याच्या खालच्या बाजूला पाण्याची रेघ, कुबट वास यांतलं काहीही दिसलं तर किंमत विचारायचीसुद्धा गरज नाही, चहा पिऊन परत या. गोदेला पूर येतो तेव्हा कोणकोणत्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं हे नाशिककराला सांगायला नको. विम्याच्या दाव्याचा इतिहासही मागून घ्या.

बॅटरी हवेवर थंड होते आणि ती हवा गाडीच्या आतूनच, मागच्या सीटपाशी असलेल्या जाळीतून ओढली जाते. जाळी नेमकी कुठे ते गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह आहे. तिथे टॉर्च मारा. धुळीचा नमदा, कुत्र्याचे केस, मुलांच्या चॉकलेटचे कागद असा ऐवज निघतो. जाळी तुंबली की पंखा जोरात फिरतो, बॅटरी तापते, यंत्रणा तिचा वापर कमी करते, आणि मालक म्हणतो ‘ॲव्हरेज पडलं’. सिन्नर रस्त्याच्या धुळीत ती दर सर्व्हिसला साफ करून घ्यायची. जाळीसमोर पिशव्या ठेवायच्या नाहीत.

ब्रेक डिस्कच्या कडेला गंजाची जाड कडी दिसेल. हायब्रिडमध्ये बराचसा वेग मोटर खाते, पॅड कमी घासतात, म्हणून ५२ हजारांवरही पॅड शिल्लक असतात, पण पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात. त्या साफ करून घ्या, आणि ब्रेक फ्लुइड दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला. मोटरला वीज पुरवणाऱ्या इनव्हर्टरच्या कूलंटची टाकी इंजिनच्या टाकीपासून वेगळी असते. तिची पातळी बघा, त्यात दुसरं कुठलंही कूलंट किंवा साधं पाणी मिसळू देऊ नका. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वेष्टनाच्या केबलपाशी टेप गुंडाळलेली दिसली तर गाडी उंदरांनी नाहीतर इलेक्ट्रिशियनने कुरतडलेली आहे. दोघांचेही परिणाम सारखेच.

टायर २१५/६० आर १७. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो, ४२२२ म्हणजे २०२२ चा ४२ वा आठवडा. चारही टायर ४० ते ४५ व्या आठवड्यातले असतील तर ते मूळचे आहेत आणि बदलायला आलेत. एकच टायर वेगळ्या वर्षाचा असेल तर का, ते विचारा. १२ व्होल्टची छोटी बॅटरी तीन वर्षांची झाली असेल, तीही खर्चात धरा. ती गेली की मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही, आणि लोक ‘हायब्रिडची बॅटरी गेली, आता लाखांचा खड्डा’ म्हणून डोक्याला हात लावतात. टायर, ही बॅटरी, ब्रेकचं काम, फिल्टर असे साठ-सत्तर हजार वेगळे काढून ठेवा.

पेट्रोलच्या झाकणाच्या आत ई-२० लिहिलंय का बघा. देशात ई-२० चालणाऱ्या सुट्या भागांची अट एप्रिल २०२३ पासून आली, ही गाडी त्याआधीची. नसेल लिहिलेलं तर वर्कशॉपकडून लेखी विचारा. पंपावर आता दुसरं काही सहज मिळत नाही, तेव्हा इंधनाच्या नळ्या आणि सील यांची तपासणी नियमित ठेवावी लागेल. मायलेजमध्येही दोन-चार टक्के खाली धरा, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी.

हे सगळं झाल्यावर अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी न्या आणि हायब्रिड यंत्रणेची तपासणी करून घ्या. स्कॅनर लावून बॅटरीच्या गटांचं व्होल्टेज काढतात, गटागटांत फरक नको. त्याची छापील प्रत हातात घ्या. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटर आहे, म्हणजे या गाडीची मुदत २०३० च्या अखेरीपर्यंत जाते. तुमच्या वापराने तोवर किलोमीटर १.४ लाखांच्या आसपास होतील, म्हणजे मर्यादेच्या आतच. पण ती वॉरंटी बॅटरीची आहे. बाकी गाडीची मूळ मुदत ४० हजारांवर संपली. मालकाने वाढीव वॉरंटी घेतली असेल तर ती तुमच्या नावावर होते का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

एअरबॅग सहा आहेत का, ते सीटच्या बाजूची आणि खांबांवरची लेबलं मोजून खात्री करा. हायब्रिडच्या वरच्या ट्रिममध्ये त्या आधीपासून येत, पण डोळ्यांनी बघितलेलं बरं.

किंमत. १३.२५ लाख जास्त आहेत. मालकाच्या डोक्यात त्याने २०२२ मध्ये मोजलेले पैसे आहेत, पण आज नवी हायब्रिड त्यापेक्षा खालच्या आकड्यापासून सुरू होते, शिवाय कर घटलाय. विम्याच्या तक्त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घट धरतात. १७.९९ लाखांवर ती काढली तर १०.८० लाखांच्या आसपास येतात. बाजार त्यापेक्षा वर चालतो हे खरं, हायब्रिडला मागणी आहे. तरी तुमची कमाल १२ लाख असू द्या, आणि त्यात साठ-सत्तर हजारांचं काम तुमच्या माथी येतंय हे त्यांना तोंडावर सांगा. कागद नेहमीचेच: फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ई-चलनांची थकबाकी शून्य.

आता शोरूममधली एप्रिल २०२५ ची डेल्टा प्लस. सेल्समनने सूट सांगितली, पण एक गोष्ट सांगितली का ते विचारा. ९ डिसेंबर २०२४ ते २९ एप्रिल २०२५ दरम्यान बनलेल्या ३९,५०६ ग्रँड विटारा नोव्हेंबर २०२५ मध्ये परत बोलावल्या गेल्या, स्पीडोमीटरच्या संचातला पेट्रोलचा काटा आणि इशाऱ्याचा दिवा चुकीचं दाखवू शकतो म्हणून. टाकीत पाच लिटर आहेत असं समजून कसारा घाटात बंद पडलेली गाडी काय काम करते, विचार करा. त्यांच्या आवारात उभ्या गाडीचं हे काम डिलिव्हरीआधी झालं पाहिजे आणि त्याची नोंद तुम्हाला मिळाली पाहिजे. इथेही चासिस क्रमांक टाकून बघा.

आठ-नऊ महिने उभी असलेली गाडी म्हणजे ‘नवी’ असली तरी ताजी नाही. टोयोटाच्या हायब्रिडबद्दल नियम असा की दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी अर्धा तास किंवा सोळा किलोमीटर चालवून बॅटरी भरावी. यार्डात हे कुणी केलं का? १२ व्होल्टची बॅटरी नवी मागा, हट्टाने. टायरवर एकाच जागी बसल्याचा चपटेपणा आहे का ते पन्नास-साठच्या वेगाने चालवून हाताला थरथर लागते का यावरून कळतं. वायपरचे रबर, दारांच्या कडांचे रबर उन्हाने तडकलेले नसावेत. बॉनेट उघडून उंदरांच्या लेंड्या शोधा, नव्या गाडीतही असतात.

बिल नीट वाचा. गाडी डीलरकडे जुन्या कराच्या काळात आली असली तरी तुमचं बिल आजच्या दराने व्हायला हवं: सीजीएसटी २० टक्के, एसजीएसटी २० टक्के, उपकराची ओळ नाही. एक लाखाच्या ‘सूट’मध्ये हा कराचा फरक मोजून दाखवत असतील, तर सूट खरी पासष्ट हजारांचीच आहे. विचारा, सूट आजच्या छापील एक्स-शोरूमवर आहे की एप्रिलमधल्या १६.९९ वर? उत्तर देताना सेल्समन कॅल्क्युलेटर उघडतो की चहा मागवतो, त्यावरून काय ते कळेल. महाराष्ट्रात हायब्रिडला रस्ता करात सवलत नाही, पेट्रोलच्याच दराने १० ते २० लाखांच्या गाडीला १२ टक्के, म्हणजे दोन लाखांच्या घरात. उत्तर प्रदेशातल्या माफीचे व्हिडिओ पाहून इथे वाद घालण्यात अर्थ नाही. ‘हँडलिंग चार्ज’ देऊ नका, विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही.

नोंदणी २०२६ ची आणि बनावट २०२५ ची, म्हणून पुढे विकताना गाडी एक वर्ष जुनी धरली जाणार. चार वर्षांत विकणार असाल तर एक लाख सूट पुरेशी नाही, आजच्या किमतीवर सव्वा लाख मागा. दहा वर्षं वापरणार असाल, आणि अकरा वर्षं हॅचबॅक चालवणारा माणूस वापरतोच, तर एका वर्षाचा हा फरक विरून जातो. बनावटीचा महिना फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर असतो. बुकिंगची पावती फाडताना चासिस क्रमांक आणि हा महिना त्यावर लिहून घ्या. नाहीतर दाखवली एक आणि दिली दुसरी, असं होतं.

आणि मेहुण्यांचा मुद्दा. पुढचं मॉडेल कसं दिसतं हे एका अर्थाने बाजारात आलेलंच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मारुतीनेच त्याच पायावर व्हिक्टोरिस आणली, हायब्रिड यंत्रणा तीच, दावा २८.६५ चा, क्रॅश चाचणीत पाच तारे. तिचीही टेस्ट ड्राइव्ह घ्या. पण त्यातली पुढच्या गाडीला पाहून स्वतः ब्रेक लावणारी एडास यंत्रणा हायब्रिडलाही आहे असं गृहीत धरू नका, तुम्ही घेणार त्याच ट्रिमची छापील यादी मागा. आणि थांबण्याची किंमत मोजा: वर्षाला १८ हजार किलोमीटर, आत्ताची गाडी १३ देते म्हणजे १,३८५ लिटर. हायब्रिडने २१ दिले तर ८५७. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला साधारण ५५ हजार. जानेवारीत किंमती वाढतात ते वेगळंच. एवढे पैसे देऊन मेहुण्यांना नवीन अलॉय बघायला मिळतील.

तर आधी जुन्या गाडीच्या मालकाला १२ लाखांचा आकडा सांगा आणि वर्कशॉपची वेळ घ्या. तपासणीचे पैसे तुम्हीच भरा, म्हणजे कागद तुमच्या नावावर राहतो. गाडी स्वच्छ निघाली आणि त्यांनी मान डोलावली तर तीच घ्या. नव्या डेल्टा प्लसच्या ऑन-रोड रकमेपेक्षा सहा-सात लाख वाचतात आणि यंत्र तेच आहे. बारा लाखांपर्यंत खाली यायला तयार नसतील किंवा डिकीखाली गाळ निघाला, तर शोरूमला फोन करा आणि पहिला प्रश्न हा विचारा की मे २०२५ नंतर बनलेली दुसरी गाडी कोणत्या यार्डात उभी आहे.